परसबागेचं बी आधी ओल्या फडक्यात तपासा

थंडी ओसरली, परसात भेंडी, गवार, काकडी, कारलं टोकायची हीच वेळ.

बरणीतलं गेल्या वर्षीचं बी थेट वाफ्यात टाकू नका. 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा, फडकं सुकू देऊ नका. आठवडाभरात 6 बियांनाही मोड आले नाहीत तर नवीन बी आणा. कारल्याला मात्र जास्त दिवस द्या, त्याचं टरफल जाड. रात्रभर पाण्यात भिजवून मगच टोका, तेही कागदी कपात. म्हणजे लावताना मुळं दुखावत नाहीत.

पाकिटातलं गुलाबी किंवा निळं बी औषध लावलेलं असतं. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लेकरांच्या हाती देऊ नका, आणि उरलेलं कोंबड्यांना मुळीच टाकू नका!

झेंडूचं बी हलकं. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर पुरे, पाणी झारीनंच. रोज चिखल केला की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. चार-पाच पानांची झाली की संध्याकाळी वाफ्याच्या कडेला लावा.

नवीन बियाण्याचं पाकीट आणि पावती जपून ठेवा. उगवण कमी दिसली तर लॉट नंबरचा फोटो ग्रुपवर टाका.