ओटा फोडण्यापूर्वी

आमच्या स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवायचे ठरले, तेव्हा घरच्या मंडळींनी तयारी चोख केली. डबे, बरण्या, भांडी खोक्यांत भरून बाहेर काढली. दाराला जुनी चादर बांधली. गवंड्याने दिवसभर ओटा फोडला, भिंतीवरच्या फरश्या कटरने कापल्या आणि संध्याकाळी तो घरी गेला. धूळ खाली बसलेली दिसत होती. आम्ही चादर सोडली, केर काढला, पंखा लावून जेवायला बसलो. सकाळी पाहतो तो सर्वांत आतल्या खोलीतील पुस्तकांवर पांढरा थर, आणि दम्याचा त्रास असलेली आई रात्रभर खोकून थकलेली! मला लाज वाटली. कारण चूक कोठे झाली, ते मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून देतो.

हवेतून पडणाऱ्या बारीक कणाचा वेग सारखा वाढत जात नाही. हवेचा विरोध कणाच्या वजनाइतका झाला की पुढे तो एकाच वेगाने उतरतो. सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावरून असे निघते की, हा अंतिम वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी! दगडाच्या धुळीसाठी आकडेमोड करून पहा. ५० मायक्रॉनचा कण दोन मीटर उंचीवरून दहा-बारा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे चार मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला मात्र सहा-सात तास लागतात, तेही हवा अगदी स्थिर असेल तर.

म्हणजे आम्ही 'बसली' म्हणत होतो ती जाड धूळ. बारीक धूळ हवेतच होती, आणि केरसुणीने व पंख्याने आम्ही ती घरभर पोचवली. दुपारी खिडकीतून कवडसा पडतो तेव्हा त्यात नाचणारे कण तुम्ही पाहिले असतील. एरवीही ते तेथे असतातच.

नेमके हे बारीक कणच फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात. नाक व घसा जाड कण अडवतात, पण काही मायक्रॉनचे कण निसटतात. त्यांत स्फटिकरूप सिलिका असली तर वर्षानुवर्षे ती श्वासात घेणाऱ्याला सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. मध्य प्रदेशात मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे अनेक कामगार याला बळी पडले. ग्रॅनाइटमध्ये साधारणपणे पाव ते एक तृतीयांश भाग क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच असते. बाजारात 'क्वार्ट्झ' नावाने मिळणाऱ्या कृत्रिम दगडात तर ती बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. आपल्या घरी काम चार दिवसांचे. गवंड्याला ते रोजचे आहे. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला फारसा उपयोगी नाही, कारण कापडाची छिद्रे या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. त्याला एन-९५ मास्क आणून दिला. आधी तो हसला, मग त्याने लावला.

दुसऱ्या दिवशी सगळी मांडणी बदलली. दगड कापण्याचे काम गच्चीवर नेले आणि पाण्याची धार सोडणारे यंत्र मागवले. (पाणी आणि वीज एकत्र आली, तेव्हा ईएलसीबी चालू आहे की नाही हे आधी तपासले.) दाराला चादरीऐवजी प्लॅस्टिकचा पडदा चारी बाजूंनी चिकटवला आणि ये-जा करायला खालचा एक कोपरा तेवढा मोकळा ठेवला. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बाहेर हवा फेकेल असा बसवला. येथे एक गंमत आहे. पंख्याशेजारचे तावदान उघडे ठेवले तर पंखा तिथूनच हवा ओढतो, आणि सारा उद्योग फुकट जातो. म्हणून ते बंद केले आणि आतल्या खोलीची खिडकी उघडली. आता स्वयंपाकघरातला दाब बाकीच्या घरापेक्षा किंचित कमी झाला. पडदा आतल्या बाजूला फुगला. कोपऱ्याजवळ उदबत्ती धरली, तर धूर आत ओढला गेला. हवा आत जाते आहे तोवर धूळ सहसा बाहेर येत नाही.

तात्पुरती चूल गॅलरीत मांडली. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो; म्हणून सिलिंडर उभा ठेवून शेगडी टेबलावर ठेवली आणि खालची जागा मोकळी राखली. छिन्नी चालवण्यापूर्वी त्या खोलीची वीज मुख्य स्विचवरून बंद करायची, हे सांगायला नकोच.

मुलांच्या दोन काळ्या पाट्या पुसून एक दाराबाहेर, दुसरी आतल्या खोलीत ठेवली होती. केरसुणीला रजा, ओल्या फडक्याने पुसणे आणि तेही सकाळी. चौथ्या दिवशी आतल्या पाटीवर बोट फिरवले. रेघ उमटली नाही. दाराजवळच्या पाटीवर मात्र अंधुक रेघ दिसली. ती त्या मोकळ्या कोपऱ्यासमोरच ठेवलेली होती.