रशियन ताळेबंदाचें इंग्रजी भाषांतर

भाषांतर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें काव्यें व नाटकें उभीं राहतात. परंतु व्यापाऱ्याची वही एका भाषेंतून दुसरींत उतरविणें हें कादंबरी उतरविण्याहून सोपें आहे, असें कोणीं समजूं नये. कादंबरींत शब्द चुकला तर वाचकाचा रसभंग होतो. ताळेबंदांत चुकला तर त्यावर विसंबून ज्यानें पैसे गुंतविले त्याचें मुद्दल जातें. रशियन भाषेंतील आर्थिक शब्द इंग्रजींत नेतांना काय अडचणी येतात, हें वाणिज्य शिकूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘वाल्यूता’ म्हणजे चलन, हें रशियन शिकणाऱ्यास लवकरच कळतें. म्हणून ताळेबंदाच्या तळाशीं ‘वाल्यूता बालान्सा’ हे शब्द दिसतांच नवशिका ‘ताळेबंदाचें चलन’ असें लिहून मोकळा होतो. वस्तुतः तेथें चलनाचा कांहींच संबंध नाहीं. मालमत्तेच्या बाजूची जी एकूण बेरीज दुसऱ्या बाजूशीं तंतोतंत जुळावी लागते, तिचें हें नांव होय.

‘अमोर्तिझात्सिया’ हा त्याहून कपटी शब्द. इंग्रजींतील ‘अमॉर्टायझेशन’ त्याचा सख्खा भाऊ भासतो, आणि फसगत होते ती ह्याच भासामुळें. रशियन हिशेबनीस इमारतीची व यंत्राची झीज आणि पेटंटासारख्या अमूर्त हक्काची उतरती किंमत, दोहोंसही हाच शब्द लावतो. इंग्रजींत यंत्राच्या झिजेस ‘डेप्रिसिएशन’ म्हणतात व दुसरा शब्द सामान्यतः अमूर्त मालमत्तेकरितां राखून ठेवतात. तेव्हां झिजली ती वस्तु कोणती, हें अनुवादकानें आधीं विचारलें पाहिजे. ह्याचें उत्तर कोशांत मिळत नाहीं. तें त्याच हिशेबाच्या दुसऱ्या एखाद्या पानावर शोधावें लागतें.

‘वेक्सेल’ हा जर्मनींतून रशियनमध्यें आलेला शब्द आपल्या हुंडीचा दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाहीं. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘प्रोस्तोय वेक्सेल’ म्हणजे ऋणकोनें स्वतः लिहून दिलेलें वचन, इंग्रजी ‘प्रॉमिसरी नोट’. ‘पेरेवोदनोय वेक्सेल’ म्हणजे अमुक रक्कम अमक्यास द्यावी अशी एकानें दुसऱ्यास केलेली आज्ञा, अर्थात् ‘बिल ऑफ एक्स्चेंज’. आपल्याकडील १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टांतही हा भेद केलेला आहे. पण रशियन कागदांत नुसतेंच ‘वेक्सेल’ असलें तर? अनुवादकानें अंदाजानें एक शब्द घातला, तर पैसे कोणाकडून यावयाचे हेंच बदलून जाण्याचा संभव असतो. अशा वेळीं कागद पाठविणाऱ्यास विचारण्यांत कमीपणा नाहीं.

कांहीं शब्दांस तर इंग्रजींत जोडीदारच नाहीं. १९२१ मध्यें सुरू झालेल्या नव्या आर्थिक धोरणाच्या काळांत सोव्हिएत राज्यांत ‘खोझरास्च्योत’ हा शब्द रूढ झाला. कारखाना सरकारचा, योजनाही सरकारची. मात्र त्यानें आपला खर्च आपल्याच विक्रींतून भागवावा, असा त्याचा आशय. ‘कॉस्ट अकाउंटिंग’ म्हटलें तर नुसती हिशेबाची पद्धत उरते व सरकारी मालकी हरवते. मूळ शब्द तसाच ठेवून एकदां त्याचा अर्थ सांगावा, हें आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें.

आतां अंकांविषयीं. रशियन लेखक दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतो. ‘१,२५०’ हे त्याच्या लेखीं सव्वा. इंग्रजी वाचकास तेच एक हजार दोनशें पन्नास. त्यांत कोष्टकाच्या माथ्यावर ‘हजार रुबल’ असें लिहिलेलें असलें, म्हणजे सव्वा हजार रुबलांचे साडेबारा लक्ष होतात, आणि सर्व रकान्यांत हीच चूक झाली असल्यास बेरीजही बिनचूक जुळते! हल्लीं भाषांतराचें पुष्कळ काम यंत्रावर सोंपवितात. तरी हे स्वल्पविराम मागाहून कोणीतरी एकेक करून डोळ्यांखालून घातलेच पाहिजेत.