ब्रेक, वळण आणि टायरची पकड

मोटारगाडीला वेग देणे जितके महत्त्वाचे, तितकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्वाचे आहे ते गाडी वेळेवर थांबविणे आणि थांबेपर्यंत ती चालकाच्या ताब्यात ठेवणे. गेल्या काही दशकांत या कामी इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे मोठे साहाय्य लाभले आहे. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजेच एबीएस, आणि गाडीचे स्थैर्य राखणारी ईएससी या त्यांपैकी दोन प्रमुख यंत्रणा होत. गाडी सुरू करताना समोरच्या फलकावर त्यांचे लहानसे दिवे क्षणभर उजळतात आणि विझतात. पुष्कळ चालकांचा या यंत्रणांशी परिचय एवढाच असतो. प्रत्यक्ष संकटात एबीएस काम करू लागली की पायाखालचे पेडल थरथरते आणि गाडीत काही बिघाड झाला असे समजून चालक पाय उचलतो. ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी तो सोडला जातो. यास्तव या यंत्रणांचे कार्य समजून घेणे प्रत्येक चालकाच्या हिताचे आहे.

टायर आणि रस्ता

गाडीचा रस्त्याशी येणारा संबंध केवळ चार ठिकाणी असतो. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार तुकड्यांच्या घर्षणावरच चालतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर हे दुसरे अंतर ३६ मीटरांवर जाते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होते. रस्ता ओला असेल तर त्यात आणखी भर पडते.

चाक जाम होते तेव्हा

ब्रेक लावल्यावर चाकाची गती गाडीच्या गतीपेक्षा किंचित कमी होते, म्हणजेच टायर फिरता फिरता थोडासा घसरतो. ही घसरण सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असताना टायरची पकड सर्वाधिक असते. ब्रेकचा दाब त्यापुढे वाढत गेला की चाक फिरणे थांबते आणि टायर रस्त्यावरून फरफटत जातो. पक्क्या रस्त्यावर, विशेषतः तो ओला असताना, अशा फरफटणाऱ्या टायरची पकड कमी होते.

याहून गंभीर बाब अशी की, जाम झालेले चाक गाडीला वळवू शकत नाही. पुढची चाके जाम झाली की चालकाने स्टिअरिंग कितीही फिरविले तरी गाडी सरळच जात राहते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडीचा मागील भाग एका बाजूला फिरतो. जुने अनुभवी चालक निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून सोडत, पुन्हा दाबून सोडत गाडी सावरीत, त्यामागील कारण हेच होते. एबीएस नसलेल्या गाडीत ती रीत उपयुक्त होती. परंतु माणसाचा पाय चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी दाबतो. कोणते चाक चिखलावर आहे आणि कोणते कोरड्या डांबरावर, याचा हिशेब त्याला ठेवता येत नाही.

विमानातून मोटारीत

या प्रश्नाचे उत्तर प्रथम विमानविद्येने शोधले. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची चाके जाम होऊ नयेत म्हणून ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने तयार केलेले ‘मॅक्सारेट’ हे यांत्रिक उपकरण १९५०च्या दशकात वापरात आले. १९६६ साली जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत त्याचा उपयोग करण्यात आला. तथापि, प्रत्येक चाकाचा वेग सतत मोजून त्वरित निर्णय घेण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मंडलांमुळेच सुकर झाले. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या एस-वर्गातील मोटारींत उपलब्ध झाली.

या यंत्रणेचे तीन भाग आहेत. चाकांजवळ बसविलेले संवेदक, झडपा व पंप असलेली द्रवदाब पेटी, आणि या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा लहानसा संगणक. जुन्या रचनेत चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याचा प्रत्येक दाता चुंबकीय संवेदकासमोरून जाताना विजेचा सूक्ष्म स्पंद निर्माण होतो आणि त्या स्पंदांवरून चाकाचा वेग कळतो. एखाद्या चाकाचा वेग गाडीच्या मानाने एकाएकी घटू लागला, की ते जाम होण्याच्या बेतात आहे हे संगणक ओळखतो.

त्यानंतर तीन क्रिया घडतात. प्रथम त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची झडप बंद होते आणि दाब आहे तेवढाच राहतो. चाक तरीही मंदावत असेल तर दुसरी झडप उघडून दाब कमी केला जातो व पंप ते तेल परत पाठवितो. चाक पुन्हा फिरू लागताच दाब पुन्हा वाढविला जातो. हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा चालते. पेडलमध्ये जाणवणारी थरथर आणि कानी पडणारी घरघर ही या झडपांच्या व पंपाच्या हालचालीची खूण होय. यंत्रणा आपले काम करीत असल्याचाच तो पुरावा आहे.

गाडी भरकटू नये म्हणून

एबीएस ब्रेक लावल्यावर कामास येते. परंतु भरधाव वेगात वळण घेताना किंवा अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकविताना ब्रेक न लावताही गाडी ताब्याबाहेर जाऊ शकते. त्यासाठी ईएससी योजण्यात आली. बॉश कंपनीतील अभियंते अँटन व्हॅन झँटेन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ही यंत्रणा १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत प्रथम आली.

स्टिअरिंग किती फिरले यावरून चालकाला कोठे जावयाचे आहे हे संगणकाला कळते. गाडी आपल्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने वळत आहे आणि बाजूला किती ढकलली जात आहे, हे दुसरे संवेदक सांगतात. चालकाची इच्छा आणि गाडीची प्रत्यक्ष चाल यांत तफावत पडताच यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. समजा, गाडी डावीकडे वळत आहे. ती पुरेशी न वळता वळणाबाहेर सरळ जाऊ लागली, तर मागच्या डाव्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडीचे तोंड आत ओढले जाते. उलट मागील भाग घसरून गाडी गरकन फिरू लागली, तर पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लागून ती फिरकी आवरली जाते. आवश्यकतेनुसार इंजिनाची शक्तीही कमी केली जाते.

या यंत्रणेचे महत्त्व जगाला पटविणारी घटना १९९७ साली स्वीडनमध्ये घडली. एका मोटारविषयक नियतकालिकाच्या चाचणीत, रस्त्यात आलेल्या प्राण्याला चुकविल्याप्रमाणे मर्सिडीजची नवी, लहान ए-वर्ग मोटार एकदम वळविली असता ती उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसविली. पुढे अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना, तर युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती अनिवार्य झाली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना, तसेच १२५ घनसेंटीमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीची करण्यात आली.

यंत्राची मर्यादा

तथापि, या दोन्ही यंत्रणा नवी पकड निर्माण करीत नाहीत. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जेवढी पकड आहे, तेवढीच त्या नीट वाटून देतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? टायर झिजून गुळगुळीत झाले असतील, तर कोणताही संगणक गाडी वाचवू शकत नाही. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये, असा आपल्याकडील नियम आहे. सैल खडी वा वाळू असलेल्या रस्त्यावर जाम झालेल्या चाकासमोर खडीचा ढीग साचून गाडी लवकर थांबते. तेथे एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते, मात्र स्टिअरिंग चालकाच्या ताब्यात राहते. घाटातील वळणाच्या मानाने वेगच फार असेल, तर ईएससीही हतबल ठरते. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ यांचा निसरडा थर होतो, तेव्हा ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

चालकाने काय करावे

एबीएस असलेल्या मोटारीत आणीबाणीच्या वेळी ब्रेक पूर्ण जोराने दाबावा, गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवावा आणि मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवावे. पेडल थरथरले तरी पाय उचलू नये. दाबून सोडण्याची जुनी सवय येथे घातक ठरते. गाडी सुरू केल्यावर एबीएसचा दिवा विझला नाही, तर साधे ब्रेक सहसा लागतात, परंतु चाके जाम होण्याचा धोका असतो. अशी गाडी सावकाश चालवून लवकर दुरुस्त करून घ्यावी. ब्रेकचा लाल दिवाही पेटलेला असेल तर प्रवास थांबवावा. ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलावे, चारही टायरांतील हवा योग्य राखावी आणि पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवावे.

यंत्रणा एका सेकंदात अनेक निर्णय घेते, पण गाडी किती वेगाने हाकावी हा निर्णय सर्वस्वी चालकाचा असतो. तो शहाणपणाने घेतला गेला, तरच पुढचे काम यंत्राच्या आवाक्यात राहते.