लाल दोरा, शिशाचं सील

विमानात हातातल्या सामानात लोक काय काय घेऊन चढतात याची यादी करायला बसलं तर ती संपायची नाही. तबला-डग्गा मी पाहिला आहे. पोळपाट-लाटणं पाहिलं आहे. एका आजोबांनी मांडीवर धरलेला शाडूचा गणपतीही पाहिला आहे. पण स्वतःचं पॅराशूट घेऊन प्रवासी तपासणीच्या रांगेत उभा आहे, असं कुणी सांगितलं असतं तर मी ते विनोद म्हणून सोडून दिलं असतं.

वास्तविक त्यात विनोद काही नाही. अमेरिकेत हौसेनं विमानातून उड्या मारणारी माणसं हजारांनी आहेत. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी सिंहगडावर जावं तशी ती उड्या मारायला जातात. त्यासाठी छोटी धावपट्टी, एखाद-दोन विमानं आणि एक शेड असलेली मैदानं जागोजाग आहेत. त्यांना ‘ड्रॉपझोन’ म्हणतात. ॲरिझोनातलं इलॉय हे त्यातलं नावाजलेलं. फिनिक्स आणि टूसॉन या दोन शहरांच्या मध्ये, वाळवंटात, भर हिवाळ्यातही आकाश स्वच्छ. त्यामुळे इतर राज्यांत ढग दाटले की माणसं तिकडे धाव घेतात, आणि लांबून येणारे अर्थातच तुमच्या-आमच्यासारखे तिकीट काढून प्रवासी विमानानं येतात. पाठीवर पॅराशूट असूनही.

माझी भाची त्यांतली एक. कॅलिफोर्नियात नोकरी करते. २०२३च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती मला इलॉयला घेऊन गेली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हा छंद मुळीच मंजूर नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली, तीही आयुष्यातली पहिलीच, तेव्हा हिनं पेपरातली बातमी शेजारणीला वाचून दाखवली होती. पण ती दुसऱ्याची मुलगी होती.

“तिथं भाड्यानं मिळत नाही का? एवढं ओझं कशाला न्यायचं?” हा माझा पहिला प्रश्न. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

“मिळतं की. पण मामा, तू दुसऱ्याचा चष्मा लावून सह्या करशील का?”

तिचं म्हणणं असं, की पॅराशूटचा आकार माणसाच्या वजनावर आणि सरावावर ठरतो. पट्टे अंगाच्या मापाचे असावे लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, अडचणीच्या वेळी ज्या मुठी ओढायच्या त्या कुठे आहेत हे हाताला माहीत असावं लागतं. डोक्याला विचारायला वेळ नसतो. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत मिनिटभर मिळतं, आणि त्या मिनिटात माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो.

आदल्या रात्री तिनं ते सगळं दिवाणखान्यात मांडून दाखवलं. शाळेच्या दप्तरापेक्षा थोडी मोठी, जाड पट्ट्यांची पिशवी. वजन दहा-बारा किलो. तिच्यात एक नव्हे, दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मुख्य. ते प्रत्येक उडीनंतर आपलं आपण घडी घालून भरायचं. सरावलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वरच्या कप्प्यात, मानेच्या खाली, राखीव. मुख्य पॅराशूटनं दगा दिला तर उजवीकडची लाल मूठ ओढून ते सोडून द्यायचं आणि डावीकडची ओढून राखीव उघडायचं. या राखीव पॅराशूटला घडी घालण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला नाही. ते काम सरकारी परवानाधारक ‘रिगर’चं. तो ते उलगडतो, कापड आणि दोऱ्या तपासतो, पुन्हा भरतो; त्यात दोन-तीन तास सहज जातात. मग बंद केलेल्या पिनेवर बारीक लाल दोरा बांधून त्यावर शिशाचं सील दाबतो. सीलवर त्याची स्वतःची, सरकारनं नेमून दिलेली खूण. सोबतच्या कार्डावर तारीख, ठिकाण, सही आणि परवाना क्रमांक. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हे काम १८० दिवस चालतं. एकदाही न वापरलेलं असलं तरी मुदत संपली की पुन्हा रिगरकडे. आणि मुदतीच्या आत सील तुटलं, मग ते कुणीही आणि कुठेही तोडो, तर त्या पॅराशूटनं उडी मारायची नाही.

ते सील पाहिलं आणि मी एकदम चाळीस वर्षं मागं गेलो. स्ट्राँगरूमच्या दुसऱ्या किल्ल्या आमच्या शाखेत ठेवत नसत. त्या सीलबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवायच्या, आणि ठरावीक काळानं बदलून आणायच्या. १९८४ साली असं एक पाकीट घेऊन मी एसटीनं निघालो होतो. कंडक्टर म्हणाला, “साहेब, पिशवी टपावर टाका.” टाकली नाही. साडेतीन तास मांडीवर धरून बसलो. लाख शाबूत आहे ना, हे दर थांब्यावर चाचपून पाहत होतो. आमची आजी काशीहून तोंड झाळून बंद केलेली गंगेची लोटी अशीच मांडीवर घेऊन आली होती म्हणतात. आत काय आहे हे उघडून बघता येत नाही, ते न उघडण्यातच त्याची किंमत असते. विश्वास ठेवायचा तो लाखेवर, आणि लाख दाबणाऱ्या हातावर.

विमानतळावर नेमका याच गोष्टीचा पेच पडतो. तिथल्या माणसाचं कामच मुळी बंद वस्तू उघडून पाहण्याचं.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर विमानतळांची तपासणी सरकारी यंत्रणेकडे गेली. तिचा पॅराशूटबद्दलचा नियम मात्र पुष्कळ समंजस आहे. पॅराशूट हातातल्या सामानात नेता येतं, पोटात जाणाऱ्या सामानातही देता येतं. इतर वस्तूंत कोंबू नये, वेगळं ठेवावं. उघडण्याची गरज पडलीच तर मालक हजर असला पाहिजे. त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी या. बोलावूनही मालक आला नाही, तर पॅराशूट विमानात चढत नाही. हा नियम लिहिणाऱ्याला त्या लाल दोऱ्याचं मोल कळलेलं होतं, असं मला वाटतं.

तरीही जाणते लोक ते पोटातल्या सामानात शक्यतो देत नाहीत. हरवण्याची भीती आहेच, पण हरवलं तर निदान कळतं तरी. न कळता काही झालं तर? शेजारच्या बॅगेतून काही सांडलं, कुठे पट्टा घासला, कुणी मूठ ओढून पुन्हा कशीबशी खोचून ठेवली. नायलॉनचं कापड आहे ते. ॲसिडचा डाग पडला तरी वरून दिसत नाही.

बाकीचं सामान मात्र भाचीनं पोटातच दिलं. त्यात गुंतलेली दोरी कापायचा आकड्यासारखा छोटा चाकू होता. शिवाय शिशाच्या वजनांचा पट्टा. ती अंगानं किरकोळ. सोबतच्या धष्टपुष्ट मंडळींच्या वेगानं खाली यायचं म्हणून ती कमरेला शिसं बांधते. तिच्या आईनं लहानपणापासून “जरा खात जा” म्हणून जे सांगितलं, त्याचा असा उपाय निघाला.

तपासणीत सगळ्यांत जास्त प्रश्न निघतो तो आतल्या एका यंत्राचा. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा गोंधळून काही ओढायचंच विसरला, तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं हे यंत्र. जर्मनीतल्या हेल्मुट क्लोथ यांच्या एअरटेक कंपनीनं १९९१ साली ‘सायप्रस’ नावाचं असं यंत्र आणलं आणि पुढे ते जगभर पसरलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. जमिनीपासून साधारण साडेसातशे फुटांवर माणूस अजून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगानं पडत असेल, तर एक छोटी पाती सुटते आणि राखीव पॅराशूटला बंद ठेवणारा फासा कापते. पातीला ढकलायला नळीत कणभर दारू असते. नळी बंद, बाहेर काही येत नाही. पण क्ष-किरणांच्या पडद्यावर काय दिसतं? बॅटरी, तारा आणि नळी.

म्हणून कंपनी एक कार्ड देते. पडद्यावर हे यंत्र कसं दिसतं त्याचं चित्र त्यावर असतं. भाचीनं ते पासपोर्टच्या जोडीला ठेवलं होतं.

आमची पिशवी पट्ट्यावर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग एका तरुण तपासनिसानं ती बाजूच्या टेबलावर नेली. अत्यंत सभ्यपणे विचारलं, “हे उघडता येईल?”

“खालचं उघडून दाखवते. वरचं उघडलं तर मला दोन दिवस उडी मारता येणार नाही,” ती म्हणाली, आणि कार्ड पुढे केलं. आवाज चढवला नाही. तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, की मामा, तू मध्ये बोलायचं नाहीस, आणि स्फोट, दारू असले शब्द मराठीतसुद्धा काढायचे नाहीस.

त्यानं कार्ड पाहिलं, पडद्यावरचं चित्र पाहिलं, वरिष्ठांना बोलावलं. तिनं खालचा कप्पा उघडून दिला. पिशवीवरून आणि तिच्या हातांवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली गेली. पंचवीस मिनिटं. माझी नजर त्या लाल दोऱ्यावर, त्याची पडद्यावर. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याच्या मागे विमानभर माणसं होती, हिच्या मागे हिचा एक जीव. दोघंही जीवच सांभाळत होते. शेवटी वरिष्ठ बाईंनी मान हलवली. वरचा कप्पा तसाच राहिला.

विमानात पॅराशूट डोक्यावरच्या कप्प्यात गेलं. साध्या कापडी पिशवीत घालून, कारण ते उघडं दिसलं की शेजारी हमखास विचारतात, “विमान पडायला लागलं तर तुम्ही उडी मारणार वाटतं?” उत्तर सरळ आहे. पस्तीस हजार फुटांवर दार उघडतच नाही, आतल्या हवेचा दाब ते चौकटीत घट्ट रोवून धरतो. बाहेर उणे पन्नास अंशांची थंडी, श्वासाला पुरेशी हवा नाही, वेग ताशी साडेआठशे किलोमीटर.

प्रवासी विमानातून पॅराशूटनं उडी मारलेला गाजलेला माणूस म्हणजे डी. बी. कूपर. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी पोर्टलंडहून सिॲटलला जाणारं बोइंग ७२७ त्यानं पळवलं, दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागून घेतली, विमान पुन्हा खालून उडवायला लावलं आणि रात्रीच्या पावसात मागच्या जिन्यावरून उडी टाकली. तो कोण होता हे कधीच कळलं नाही; एफबीआयनं २०१६ साली या प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवला. लोक त्याच्या धाडसाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र त्यातला एक तपशील विसरता येत नाही. घाईत त्याला दिलेल्या राखीव पॅराशूटांपैकी एक वर्गात शिकवण्यासाठीचं होतं, चक्क शिवून बंद केलेलं. आणि तो नेमकं तेच घेऊन गेला असावा, कारण विमानात ते सापडलं नाही.

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो. या पिशवीचं निम्मं ओझं इथंच अडेल. भाची पुण्याला येते ती पॅराशूट तिकडेच ठेवून. बहिणीला त्याचं समाधान आहे.

इलॉयला पोचल्यावर उड्यांच्या यादीत नाव घालण्यापूर्वी तिथल्या माणसानं कार्ड मागितलं, तारीख वाचली, झाकण उचलून सील पाहिलं. मग तिनं ते यंत्र सुरू केलं. ते आधी सुरू करून उपयोग नसतो. ज्या जमिनीवर उतरायचं तिथंच ते चालू करायचं, म्हणजे तिथल्या हवेचा दाब ते शून्य धरतं. कॅलिफोर्नियातली जमीन इलॉयला चालत नाही.

विमान वर गेलं. तेवढ्यात पुण्याहून फोन.

“दादा, पोचलात का नीट? कुठे आहे ती?”

“येतेय,” मी म्हणालो.

निळं-पिवळं पॅराशूट उघडलेलं दिसेपर्यंत मी बहिणीशी पुण्याच्या हवेबद्दल बोलत राहिलो. ते दिसल्यावर सांगितलं.

भाची शेडमध्ये आली, सतरंजीवर कापड पसरून मुख्य पॅराशूटची घडी घालायला लागली. मी तिच्या परवानगीनं कार्ड पुन्हा वाचलं. १४ ऑक्टोबर, सही, क्रमांक. म्हणजे ११ एप्रिलपर्यंत. ठेवींच्या मुदती लिहायची जुनी सवय. डायरी काढून ती तारीख लिहून घेतली.