गॅलरीतली धूळ आणि लोहचुंबक

कठड्यावरची धूळ कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवलं, तर काळे कण चक्क चालायला लागले!

गाडीचे ब्रेक झिजताना आणि इंधन जळताना मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि झाडांच्या पानांवर बसतात. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा माहेर यांनी यावरूनच प्रदूषण मोजलं. पानाला तीव्र चुंबकीय क्षेत्र द्यायचं आणि मग त्यात किती चुंबकत्व उरतं ते बघायचं. प्रत्येक झाड म्हणजे फुकटचं मापनकेंद्रच की!

२०१६ मध्ये त्यांच्या गटाला मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंत मॅग्नेटाइट सापडलं. शरीरात बनणारे कण कोनदार असतात, पण यातले बरेचसे गोल होते, म्हणजे प्रचंड उष्णतेत घडलेले. या कणांमुळे अल्झायमर होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. तसा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबकाला चिकटलेला कण ब्रेकचा की मातीचा, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

करून बघणार असाल तर चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर धूळ निघता निघत नाही.