सागजडी

सागाची लागवड करताना वर्षभर जोपासलेले रोप लावण्यापूर्वी कापून टाकले जाते, आणि पुढे सागवन वाढू लागल्यावर त्यातील बहुतेक झाडेही मालकाला स्वतःच तोडावी लागतात; हे दोन्ही व्यवहार नवख्या शेतकऱ्याला उफराटे वाटले, तरी सागाची सारी शेती त्यांच्यावरच उभी आहे.

ज्याला सागाचे बी म्हटले जाते ते वस्तुतः फळ असते. करड्या लवेने झाकलेल्या या टणक फळात चार कप्पे असतात. त्यांतील काही रिकामे निघतात आणि उरलेल्यांतील बी कठीण कवचामुळे लवकर रुजत नाही. म्हणून पेरणीपूर्वी फळे रात्री पाण्यात भिजवून दिवसा उन्हात वाळवण्याचा क्रम कित्येक दिवस चालवतात किंवा ती शेणकाल्यात मुरवतात. एवढे करूनही उगवण एकसारखी होत नाही, काही फळे तर दुसऱ्या पावसाळ्यात कोंब दाखवतात. केरळातील निलांबूर येथे 1840च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी जहाजबांधणीच्या लाकडासाठी सागाची लागवड हाती घेतली, तेव्हा आरंभीचे प्रयत्न या उगवणीपाशीच अडले होते. चातू मेनन यांच्या देखरेखीखाली ते यशस्वी झाले आणि त्या लागवडीतील काही झाडे आजही उभी आहेत.

रोपवाटिकेत ही फळे गादीवाफ्यावर, म्हणजे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उंच केलेल्या वाफ्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी पेरतात. वर्षभरात रोपाची मुळी अंगठ्याएवढी जाड झाली की पुढील पावसाळ्याच्या सुमारास ते उपटून धारदार कोयत्याने छाटले जाते: खोड मुळीच्या माथ्यावर दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचे, मुळी पंधरा-वीस सेंटिमीटर राखायची आणि बाजूची तंतुमुळे काढून टाकायची. उरते ती गाजरासारखी काडी, म्हणजेच सागजडी. घाव तिरकस पडून मुळी चिरली तर ती जडी कुजते, त्यामुळे या कामाला सरावलेला हात लागतो. पाने नसल्याने जडीतील पाणी उडून जात नाही आणि मुळीत साठलेल्या अन्नावर ती काही दिवस ओल्या गोणपाटात तग धरते. शिवाय पिशवीतील मातीसकट रोपे डोंगरावर वाहून नेण्यापेक्षा जड्यांची मोळी नेणे कितीतरी सोपे.

पहारीने पाडलेल्या भोकात जडी सरळ सोडून भोवतालची माती टाचेने घट्ट दाबतात, कारण आत पोकळी राहिल्यास तिथे पाणी साचते, आणि साग ऊन कितीही सोसत असला तरी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. चिबड काळ्या रानात तो खुरटतो याचे कारणही हेच. जडीला अनेक फुटवे आले तर जोमदार तेवढा एक राखून बाकीचे खुडतात. साग प्रकाशप्रिय असल्याने पहिली दोन-तीन वर्षे निंदणी चुकवून चालत नाही.

दोन मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी 2500 झाडे बसतात. ही दाटी मुद्दाम केलेली असते. तिच्यामुळे खोडे उजेडाकडे सरळ चढतात आणि बाजूच्या फांद्या आपोआप मरतात. पुढे मात्र ठरावीक वर्षांनी विरळणी, म्हणजे वाकडी, रोगट आणि दबलेली झाडे काढणे, आवश्यक ठरते आणि अखेरीस हेक्टरी काहीशेच झाडे उरतात. हातची झाडे तोडवत नाहीत म्हणून विरळणी टाळणाऱ्यांच्या रानात पुढे नुसत्या काठ्या दिसतात.

1990च्या दशकात थोडक्या वर्षांत सागातून प्रचंड परतावा देण्याच्या जाहिरातींनी अनेकांना भुलवले. वनखात्याच्या सागवनांत कापणीची मुदत साठ ते ऐंशी वर्षांची धरली जाते. शेतात सिंचनावर झाड लवकर जाड होते खरे, पण त्यात कोवळा पांढरा भाग अधिक आणि टिकाऊ, तेलकट गाभा कमी असतो, आणि बाजारात भाव असतो तो गाभ्याला. त्यातही साग हा महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोडविषयक कायद्यातील अनुसूचित वृक्ष असल्याने तोडीपूर्वी परवानगी घ्यावी लागते, आणि म्हणून लागवड करतानाच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेणे हिताचे असते.