रेडिएटरचा व्हॉल्व्ह वाजतो, पण दुखणे नेमके कुठे?

जर्मनीत, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की घरोघरचे हीटिंग सुरू होते. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोरावर खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरते आणि निवून परत येते. रेडिएटरच्या एका टोकाला आकडे लिहिलेली मूठ असते, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. दुसऱ्या टोकाला टोपीखाली झाकलेला साधा व्हॉल्व्ह असतो, त्याला ब्रिटनमध्ये लॉकशील्ड म्हणतात. उन्हाळाभर गप्प असलेला व्हॉल्व्ह थंडीत शिट्ट्या मारू लागला की तिकडे नव्याने राहायला गेलेले मराठी कुटुंब गोंधळते. गीझरची सवय इथे कामाला येत नाही. मग ऐकीव सल्ले सुरू होतात आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

गैरसमज : आवाज आला म्हणजे हवा अडकली.

वस्तुस्थिती : हवा अडकली की गुडगुड, खळखळ ऐकू येते आणि रेडिएटर खाली गरम, वर गार लागतो. अशा वेळीच हवा काढावी. हीटिंग बंद करून पाणी निवू द्यायचे, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने पाव फेरा सैल करायचा आणि फुसफुस थांबून पाणी आले की लगेच आवळायचा. नंतर दाबाचा काटा पाहायला विसरू नये. ब्रिटनमधल्या बहुतेक बंद यंत्रणांत गार असताना तो 1 ते 1.5 बार असावा.

बाकीच्या आवाजांची कारणे वेगळी आहेत. टिकटिक येते ती तापून लांबणारा पाइप फळीला किंवा क्लिपला घासतो म्हणून. बॉयलरच उकळल्यासारखा घुमत असेल, तर आत क्षार साचल्याची शक्यता मोठी. शिट्टी आणि ठोके हे मात्र व्हॉल्व्हपाशीच ऐकू येतात.

गैरसमज : व्हॉल्व्ह ठोके देतो म्हणजे तो बिघडला, बदलून टाका.

वस्तुस्थिती : पुष्कळदा व्हॉल्व्ह धडधाकट असतो, फक्त उलट्या बाजूला बसवलेला असतो. आतली चकती पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध मिटत जावी, अशी त्याची रचना असते. पाणी उलट बाजूने आले तर चकती बैठकीजवळ येताच प्रवाहच तिला वाऱ्याने दार आपटावे तशी आपटतो. स्प्रिंग तिला पुन्हा उघडते, पाणी पुन्हा आपटते आणि ठकठक सुरू राहते.

हे तपासणे सोपे आहे. व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर बाण कोरलेला असतो. गार रेडिएटर सुरू करा आणि कोणता पाइप आधी तापतो, ते हात लावून पाहा. पाणी तिथून आत येते. बाण रेडिएटरकडे आणि व्हॉल्व्ह मात्र उशिरा तापणाऱ्या पाइपवर, असे असेल तर चोर सापडला. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह अदलाबदल करणे किंवा दोन्ही दिशांना चालणारा, दुहेरी बाणाचा व्हॉल्व्ह बसवणे, हे दोन उपाय.

गैरसमज : मूठ 5 वर ठेवली की आवाज थांबतो आणि खोलीही लवकर तापते.

वस्तुस्थिती : ठोके थांबतात हे खरे, कारण चकती बैठकीपासून दूर जाते. पण दोष तसाच राहतो. शिवाय आकडे वेगाचे नसून तापमानाचे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश, 5 म्हणजे 28 च्या आसपास. 20 अंश गाठायला दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो. 5 वर मात्र पाणी त्यापुढेही वाहत राहते, खोली भट्टी होते आणि बिल वाढते.

गैरसमज : पंप जितका जोरात, घर तितके उबदार.

वस्तुस्थिती : शिट्टीचे मूळ बहुधा इथेच असते. खोल्या तापल्या की त्यांचे व्हॉल्व्ह एकेक करून मिटतात आणि पंपाचा सगळा जोर उरलेल्या एक-दोन व्हॉल्व्हच्या फटीवर येतो. व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक 0.2 बारच्या वर गेला की तो बोलू लागतो. जुन्या पंपाचा वेग एका पायरीने कमी करून पाहावा. नवे पंप मागणीप्रमाणे जोर बदलतात, पण ती सेटिंग निवडलेली हवी. त्यानंतर बॉयलरजवळच्या रेडिएटरचे लॉकशील्ड थोडे आवळून पाण्याची वाटणी समान करायची. या समतोलाला जर्मनीत इतके महत्त्व आहे की, 2022 च्या नियमाने गॅसवर तापणाऱ्या मोठ्या निवासी इमारतींना तो बंधनकारक केला.

गैरसमज : अडकलेली पिन पकडीने ओढून काढावी.

वस्तुस्थिती : मूठ काढल्यावर दिसणारी पिन दाबली की आत जाऊन स्प्रिंगने आपोआप वर यायला हवी. अडकली असेल तर सपाट धातूने हलकेच दाबत, टकटक करत मोकळी करावी. ओढली तर ती हातात येऊन गरम पाण्याचे कारंजे उडू शकते. उन्हाळ्यात मूठ पूर्ण उघडी ठेवल्यास पिन सहसा अडकत नाही.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये तळघरातल्या सामाईक पंपाला हात लावू नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिरानेच करायचे असते. घरमालकाला मात्र नुसते ‘आवाज येतो’ असे कळवू नये. शिट्टी की ठोके, मूठ कितीवर असताना आणि बाकीचे रेडिएटर बंद असताना की चालू असताना, एवढे लिहून दिले की कारागीर पहिल्याच फेरीत योग्य जागी हात घालतो.